सूतभर लहान

ओरिए : अहो आजोबा, थांबा! शेगडीत बाहुल्या घालताय?

गेन्किची : जाळतोय. दार लावा आधी, बर्फ आत येतंय. कोण तुम्ही?

ओरिए : मी ओरिए, क्योतोची. पत्र पाठवलं होतं ना? गावोगावची जुनी खेळणी बघत, त्यांची चित्रं काढत फिरते. तुमच्या लाकडी बाहुल्यांसाठी तीन बस बदलून आले, आणि तुम्ही... अहो, तीसुद्धा?

गेन्किची : हीसुद्धा. चकणी आहे. काल गावच्या सार्वजनिक न्हाणीघरावरची कियो म्हातारी हसली मला. म्हणे, हिचा एक डोळा कपाळात गेलाय! त्रेपन्न वर्षं चेहरे रंगवतोय मी.

शिनो : बाबा, पुरे आता. ताई, मी यांची सून, शिनो. बसा तुम्ही.

ओरिए : कशी बसू? गेल्याच महिन्यात सेंदाईला यांची बाहुली घेतली मी. ही बघा. हिच्यात कुठे आहे खोट?

गेन्किची : आणा, खिडकीपाशी धरतो... हं. ही जुनी. माझा हात चालत होता तेव्हाची.

ओरिए : छे, तळाशी तुमच्या नावाखाली साल आहे. गेल्या वर्षीचं.

गेन्किची : शक्यच नाही. गेल्या वर्षी मला... थांबा. हे डोकं सूतभर लहान लागतंय हाताला. शिनो?

शिनो : किटली वाजतेय, बघून येते.

गेन्किची : वाजू दे. कुणी घासलं हे?

शिनो : मी. तुम्ही दुपारी न्हायला गेलात की काचपेपरनं चेहरा घासायचा, नि नवा काढायचा. दोन वर्षं झाली.

गेन्किची : दोन वर्षं!

ओरिए : अगं बाई! म्हणजे ही तुम्ही रंगवलीत?

शिनो : यांची नजर जातेय, हे डॉक्टर मलाच बोलले होते. यांना सांगायची छाती झाली नाही. ही खेप तेवढी घासायची राहिली.

गेन्किची : तुला तर मी ब्रशला हात लावू दिला नाही कधी. शिकलीस कुठे?

शिनो : इथेच. बावीस वर्षं तुमच्यासमोर बसून बाहुल्या कागदात गुंडाळतेय.

गेन्किची : ...ओरिएबाई, ही भुवई बघा. एका दमात ओढलीय. मला नाही जमली अशी.

शिनो : बाबा, चुकलं माझं.

गेन्किची : ब्रश आण. ओरिएबाई, बाहुली तुमची, पण तळाचं माझं नाव खोडलं तर चालेल?

ओरिए : खोडा.

गेन्किची : शिनो, तुझं लिही तिथे. आणि मला सांग, ‘शिनो’ कितीतरी चित्राक्षरांनी लिहिता येतं, तुझं नाव कुठल्या अक्षरांनी लिहितात गं? बावीस वर्षं नुसती हाकच मारतोय.