मागच्या भिंतीवरून

जयपूरला वैशाली नगरच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं. एक मुलगी आणि तिचे वयस्क काका बोलत होते.

“काका, सीतापुऱ्याच्या हॉलला आम्ही आवाज शोषणारे फोमचे पॅनेल लावले. काल टाळी वाजवली, मतलब, एकच टाळी ऐकू आली.”

“आधी?”

“मागच्या भिंतीवरून आवाज उशिरा परत यायचा. तो ऐकून गाणारा मागे पडायचा.”

“गणपतीत तुझी काकू तिथेच गायली होती, अनुया.”

“हो, आणि मध्येच उठल्या ना?”

“मी पहिल्या रांगेतून तिला ताल दाखवत होतो. सगळ्यांसमोर. घरी येऊन म्हणालो, वय झालं तुझं, आता पुरे.”

“त्या काहीच बोलल्या नाहीत?”

“म्हणाली, मागून कोणीतरी माझ्याबरोबर गात होतं. मी हसलो.”

“मग आज सांगा ना, दोष हॉलचा होता.”

“तुम्ही पॅनेल लावताय ऐकलं, तेव्हाच लक्षात आलं. परवाच सांगितलं. ‘बरं’ म्हणाली आणि भाजी चिरत बसली.”

“म्हणजे गाणं कायमचं बंद?”

“शेजारच्या गौतमीताई म्हणतात, मी घरी नसलो की गाते. चल, उतरतो.”

“काका, तुमचा स्टॉप पुढचा आहे.”

“माहीत आहे. रोज इथेच उतरतो. सावकाश चालत जातो.”