न कापलेली पानं

मंडळी, षड्रिपूंना जिंकणारा मनुष्य देवाच्या पंक्तीला बसतो! आणि सांगायला आनंद वाटतो, की साठीनंतर पाच रिपू आपोआपच जातात. काम गुडघ्यांमुळे, क्रोध रक्तदाबाच्या गोळीने, मोह साखरेच्या तपासणीने. आणखी दोन सूनबाई बघते. राहतो तो मत्सर! त्याला औषध नाही.

आता सांगा – माणूस दुसऱ्याच्या वस्तूवर जळतो, की त्याच्या सुखावर? घाई नको. ऐका!

वेंगुर्ल्याला डचांची जुनी वखार आहे, तिच्याजवळ अण्णा परुळेकर राहतात. निवृत्त पोस्टमास्तर. छंद काय? डचांच्या राजवटीतल्या जुन्या कादंबऱ्या जमवायचा! जावा बेटावरचे मळे, तिथले साहेब, त्यांच्या मडमा. डच येतं? छे हो! एक अक्षर नाही. हसू नका – तुमच्या देवघरातली पोथी शेवटची कधी सोडलीत?

अण्णांचा जीव एका कादंबरीच्या पहिल्या दोन भागांत. त्या काळी पुस्तकाची पानं कडेला जोडलेलीच येत. वाचणाऱ्याने सुरीने कापायची. अण्णांची प्रत न कापलेली! जमवणाऱ्यांत अशा प्रतीला केवढा मान! आणि तिसरा भाग? तो गल्लीपलीकडे, भाई आरोलकरांकडे! अण्णांना घास गोड लागेना.

एके सकाळी भाईच दारात.

"अण्णा, तुजे दोन भाग माका दी रे. म्हयनोभर."

"कित्याक?"

"वाचूक!"

"तुका डच वाचूक येता?"

"येता. पाच वर्सां शिकलंय. तिसऱ्या भागात ती कोर्नेलिया सगळो मळो जाळता. कित्याक जाळता, ता पयल्या दोनांत आसा. डोळे चललेत माजे, अण्णा. त्याआदी कळूक व्हया."

"पानां कापूची लागतली! जमाचा नाय!" – दार बंद.

पुस्तक भाईंकडे आहे, हे अण्णांनी पचवलं होतं हो! पण तो ते वाचतो? अण्णांनी सुरी घेतली. त्याच्या आधी मी वाचणार! सर्र – सर्र – दोन्ही भाग कापून काढले. चष्मा पुसला. पहिलं पान उघडलं – अहो, डच! कापल्याने मराठी होतं का?

प्रतीचा मान गेला, गोष्टही हाती नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांनी दोन्ही भाग भाईंपुढे आपटले.

"घे. पण मोठ्यान वाच. अर्थ सांग."

भाई कापलेल्या कडा बघत राहिले. "सुरी कोणी चालवली रे?"

"वाच तू!"

आता रोज सकाळी भाई भिंग लावून वाचतात, अण्णा ऐकतात. पण भाई आधी हसतात, अर्थ मग सांगतात! तिन्ही भाग समोर एकत्र ठेवलेले – तरी त्या मधल्या अर्ध्या मिनिटात अण्णांच्या अंगाची आग आग होते!

मिळालं उत्तर? शेजारणीचा फ्रीज तुम्हाला सलत नाही, ताई. त्यात बाटल्या ठेवताना ती गुणगुणते, ते सलतं! गुणगुणू द्या तिला. जवळ जाऊन बसा, गाणं कुठलं ते विचारा. देव त्या अर्ध्या मिनिटात सापडतो!

आणि हो – तो पंखा मघापासून पेटीवाल्याकडेच आहे. जरा इकडे वळवता का?