खोगीरवाल्या मॅडसेनची मुलगी आणि ‘स्तिक्कर’ हा शब्द

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, कोशमंडळातील मित्रहो, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण ऑरहूसच्या या सभागृहात जमलो त्या आमच्या रॅग्नहिल्डबाई,

बाईंनी मला सकाळीच दम दिलाय, "माझं कौतुक नको. शब्दांवर बोल." बरं. एकाच शब्दावर बोलतो. ‘स्तिक्कर’.

मूळ डॅनिश क्रियापद साधं आहे. सुई टोचते, मधमाशी डंख मारते, सुरी भोसकतात, ते सगळं त्यात आलं. पुढे त्याला चुगलीचा अर्थ चिकटला, आणि जर्मन फौजा डेन्मार्कात आल्यावर तो राजकारणात शिरला. आपल्याच माणसांची नावं शत्रूला देणारा तो स्तिक्कर. हा शब्द एकदा लागला की माणसाची चौकशी कोण करणार? त्याला गोळीच घालायची.

रॅन्डर्समध्ये एकाच रस्त्यावर दोन सोरेन मॅडसेन राहत. आपल्याकडे यात नवल ते काय? म्हणून तर आपण फोनच्या पुस्तकातही नावापुढे धंदा लिहितो. भूमिगत चळवळीत वरून आलेल्या हुकमात धंदा नव्हता. फितूर होता न्हावी मॅडसेन. चळवळीतली दोन पोरं गेली खोगीरवाल्या मॅडसेनच्या दारात, ऐन जेवणाच्या वेळी.

"सोरेन मॅडसेन तुम्हीच का?"

"हो, मीच. या की आत, जेवताय का?"

त्यांनी तोंडावर गोळ्या झाडल्या. ताटातल्या पावावर, हेरिंग माशावर, लहानग्या रॅग्नहिल्डच्या झग्यावर रक्त उडालं.

जर्मनांच्या तावडीतून देश सुटला त्या संध्याकाळी सगळ्यांनी खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तिच्या आईनेही लावली. शेजाऱ्यांनी काच फोडली, तिला केस धरून रस्त्यावर ओढलं आणि कात्रीने डोकं भादरलं. "स्तिक्करच्या बायकोला उजेड कशाला हवा गं?" हे विचारणारी बाई रोज त्यांच्याकडे दूध घालायची. मला आजही याचा संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

कोशात हा शब्द लिहायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, द्या माझ्याकडे."

"तुझ्याकडे कशाला? तू तो पुस्तकात वाचलायस."

नोंद त्यांनीच लिहिली. वडिलांबद्दल त्यात अक्षर नाही. गावाच्या लेखी मात्र ते अजून फितूरच. त्यांच्या थडग्याचा दगड गेल्या वर्षीही कुणीतरी फोडला.

त्यानंतर एक म्हातारे कार्यालयात आले. वेर्नर लॅसबी, दरवर्षी भूमिगतांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहणारे. म्हणाले, "गोळी मी झाडली. माणूस चुकला हे लगेच कळलं होतं."

बाईंनी कॉफीची किटली उचलली आणि फेकून मारली. त्यांचं कपाळ फुटलं. रक्त पुसत ते म्हणाले, "मारा अजून."

"मारून काय करू? गावासमोर बोलणार आहात का?"

ते टोपी उचलून निघून गेले.

रॅन्डर्सची बरीच मंडळी आज इथे बसली आहेत. त्यांना मी बोलावलं, बाईंना न विचारता. वेर्नरकाकाही आले आहेत, आणि मघाशी त्यांनी मला हात धरून थांबवलं, म्हणाले, "आज मला बोलायचंय." अध्यक्ष महोदय, माझा उरलेला वेळ त्यांना द्यावा. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. यांचं पोटात घालायचं की नाही, ते मात्र बाई ठरवतील.

या, वेर्नरकाका.