'तो' म्हणजे गायब

बोईसरच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना प्रतीक्षाच्या कानावर बाकावरचं बोलणं पडत होतं. तिच्या शेजारी एक जागा रिकामी होती आणि त्यापलीकडे दोन बायका बसल्या होत्या.

"रुकय्याबी, तुमी मुलींना अरबी शिकवता, मला 'गायब'चा अर्थ सांगा. होडी मुरब्याच्या बंदराला परत आली, आमचे हे नाय आले. सगळे 'गायब' बोलतात, आन दीर बोलतो, दिवस घाल."

"गायब म्हणजे मेलेला नव्हे, सुगंधा. जो नजरेआड आहे तो. मावळलेला सूर्यसुद्धा गायबच."

"म्हंजे असून दिसत नाय?"

"हो. अरबीत विहिरीच्या तळातल्या अंधाराचा शब्द त्यातूनच आलाय, आणि चहाडीचाही."

"चहाडीचा कसा?"

"जिची चहाडी करायची ती समोर नसते ना! अरबी व्याकरणात तर 'मी' म्हणजे बोलणारा, 'तू' म्हणजे समोरचा आणि 'तो' म्हणजे गायब."

"म्हंजे मी 'ते' बोलली, की ते गायब?"

"व्याकरणात तरी तसंच."

"आन 'तुमी' बोलली तर?"





"तर ते समोर."

"आयकलंत?" सुगंधा रिकाम्या जागेकडे वळली. "आता नाय घालत दिवस. जरा सरकून बसा, त्या पोरीचे कपडे भिजतील."

तेवढ्यात एक गृहस्थ पिशवी घेऊन आले.

"ताई, इथं कोणी बसलंय का?"

सुगंधा काही बोलायच्या आत प्रतीक्षाच बोलून गेली, "हो, हे बसलेत ना."