चौतीस इंची डोंगर

सून : हात धुतलेत का, अप्पा? सूप गार होतंय.

सासरे : एक धुतलाय. दुसऱ्यानं डोंगर धरलाय.

सून : सोडा त्याला. पळून जातोय का तो?

सासरे : प्लास्टर ओलं आहे अजून. अस्तर सुटून खाली येईल. रेडिओवरचं हे गाणं आणि याच्या पुढचं, दोन गाणी होईपर्यंत धरायला लागतं. तू तोवर वाच.

सून : ताटली ठेवू कुठं? स्टेशनात?

सासरे : स्टेशनात नको, रंग ओला आहे. मालधक्क्यावर ठेव. आणि पाव रुळांपासून लांब. काल चुरा चाकात गेला, गाडी दिवसभर लंगडत होती.

सून : घरात जेवणाचं टेबल एक, आणि त्यावर बसायला जागा फक्त मालगाडीला. आम्ही आपले महिनाभर मांडीवर ताटल्या घेऊन जेवतोय.

सासरे : तुझ्या नवऱ्याला लहानपणी खेळण्यातली आगगाडी कबूल केली होती. दुकान, दुकान करता करता राहून गेली. म्हटलं, त्याची नाही तर त्याच्या लेकीची तरी होऊ दे.

सून : लेक दीड वर्षाची आहे. परवा स्टेशनमास्तरला चावली.

सासरे : टोपीच खाल्ली नुसती. माणूस कामावर आहे अजून. बरं, वाच ना. तो वकील जिना उतरत होता आणि मागून कुणाचीतरी पावलं येत होती.

सून : आज नाही वाचणार.

सासरे : म्हणजे? बावीस पानं राहिली आहेत. खुनी कोण ते कळायला नको?

सून : आधी बोलायचंय.

सासरे : जेवताना बोलू नये.

सून : तुम्ही रेडिओ लावून, गुणगुणत, एका हातात डोंगर धरून जेवता. बोलण्यानंच काय ते बिघडणार आहे? अप्पा, शनिवारी सामान न्यायला टेम्पो येतोय. आज मंगळवार. आम्ही तिघं निघालो. तुम्ही येताय की नाही, ते अजून तुमच्या तोंडून निघालेलं नाही.

सासरे : रेडिओ जरा मोठा कर.

सून : बंद केला.

सासरे : अगं, अर्धं गाणं राहिलं होतं. आता प्लास्टर वाळलेलं कळणार कसं मला?

सून : मी सांगेन. बोला.

सासरे : काय बोलू? मी येतो म्हटलं तरी हे कसं न्यायचं? एवढी आगगाडी, एवढं स्टेशन. दारातून जात नाही ते. वाटल्यास मापून बघ.

सून : मापलं.

सासरे : कधी?

सून : सकाळी, तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. तुमच्याच टेपनं. फळी सहा बाय चार फूट, उभी केली की दारातून सरळ बाहेर जाते. अडतो तो डोंगर. दार तीस इंच, डोंगर चौतीस.

सासरे : झालं तर मग.

सून : नाही झालं. तुम्ही हे सुरू केलंत त्या आठवड्यात मी एक फोटो काढला होता. त्यात डोंगर रेडिओएवढा आहे. बारा इंच धरा. मग एका रविवारी आम्ही तुम्हाला नव्या घराचं सांगितलं, आणि सोमवारपासून डोंगर वाढायला लागला.

सासरे : डोंगर वाढतात गं. शाळेत शिकवत होते.

सून : ते लाखभर वर्षांत. तुमचा पंधरा दिवसांत बावीस इंच वाढला. माझ्या जुन्या कोटाचं अस्तर त्यात गेलं, ह्यांची एक पँट गेली.

सासरे : ती पँट गुडघ्यात विरली होती.

सून : विषय बदलू नका.

सासरे : मापताना चुकलो असेन. वय झालं.

सून : तुम्ही? गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत कंबर सांगायचात. ह्यांचा लग्नातला कोट टेप न लावता शिवलात, आणि काखेत एक सुरकुती नव्हती. आणि रोज ज्या दारातून जाता-येता ते तीस इंच आहे हे तुम्हाला कळलं नाही?

सासरे : दार काही गिऱ्हाईक नाही.

सून : अप्पा.

सासरे : सूप मस्त झालंय आज.

सून : मीठ घालायचं राहिलंय त्यात.

सासरे : म्हणूनच. डॉक्टर खूश होतील.

सून : सरळ "नाही येत" म्हणा ना. डोंगराआड कशाला लपायचं?

सासरे : तसं म्हटलं असतं तर तुम्ही गेला असतात? त्याची बढती राहिली असती, तुला इतक्या दिवसांनी लागलेली नोकरी राहिली असती. वर तू रोज माझ्याकडे बघून उसासे टाकले असतेस. त्यापेक्षा हे बरं. म्हातारा हट्टी, खेळण्यापायी मागे राहिला. चार लोक हसतील, विषय संपेल. कुणाच्या जिवाला घोर नाही.

सून : मला हसू येत नाहीये.

सासरे : येईल. टेम्पोत बसल्यावर येईल.

सून : आणि तिथं भाजी चिरताना मी कुणाशी भांडू? पुस्तक कुणाला वाचून दाखवू? हे तर दुसऱ्या पानावर घोरायला लागतात. अप्पा, खरं कारण सांगा. का यायचं नाही?

सासरे : नकाशा पाहिला मी.

सून : कुठला?

सासरे : नव्या घराचा. तूच काढून फ्रिजवर चिकटवला आहेस तो. छान काढलायस, मापंसुद्धा घातली आहेस. एका खोलीत लिहिलंयस 'आम्ही'. एकीत 'पिल्लू'. मग 'स्वयंपाकघर'. आणि मागच्या खोलीत 'जादा'.

सून : अहो, ते...

सासरे : रागावलो नाही गं. रोज दूध काढायला जातो, रोज वाचतो. आमच्या दुकानात जादाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. कातरायचं आणि टेबलाखालच्या पोत्यात टाकायचं. महिनाअखेरीला त्याची पायपुसणी.

सून : पंधरा दिवस हे मनात घेऊन बसलात? आणि आम्हाला वाटत होतं, आगगाडीत रमलेत.

सासरे : रमलोही होतो. दोन्ही जमतं.

सून : त्या खोलीत मी आधी 'अप्पा' लिहिलं होतं. पेन्सिलीनं. हे म्हणाले, विचारल्याशिवाय नाव घालू नकोस. त्यांना वाटेल, आपलं परस्पर ठरवून टाकलं, कपाट हलवावं तसं. म्हणून खोडलं. आणि खोली कोरी ठेवली असती तर सामानवाल्यांनी तिथं खोकी रचली असती. म्हणून 'जादा' लिहिलं. कागद उजेडात धरा, खालचं नाव अजून दिसतंय.

सासरे : चष्मा नव्हता लावला मी.

सून : म्हणजे रुसायचं ते बिनचष्म्यानं.

सासरे : रुसलो नाही म्हटलं ना.

सून : बरं. मला एक सांगा, पिल्लूचे फ्रॉक शिवता, त्यांच्या शिवणीत दोन-दोन बोटं कापड आत दुमडून ठेवता. ते कशाला?

सासरे : पोर वाढतं. पुढच्या वर्षी उसवायचं आणि मोठा करायचा. तेवढ्यावर फ्रॉक तीन वर्षं जातो.

सून : पण ते जादाच झालं की. कातरत का नाही?

सासरे : ते कसं कातरतील? ती माया असते.

सून : काय असते?

सासरे : माया. शिवणीतली. सगळे शिंपी तसंच म्हणतात, मी काही नवीन सांगत नाहीये.

सून : त्या खोलीवर लिहायला मला तोच शब्द हवा होता. सुचला नाही.

(सून प्लास्टरला बोट लावून बघते, मान डोलावते; सासरे डोंगरावरचा हात काढतात. आतल्या खोलीत मूल जागं होतं-होतं पुन्हा झोपतं.)

सासरे : पण डोंगर चौतीस आहे तो आहेच.

सून : मग कापा.

सासरे : कापा काय? सरळ कातर चालवली तर फाटल्यासारखा दिसेल. बोगद्याच्या वर जिथं झाडी लावलीय तिथून तिरका घ्यायला लागेल. म्हणजे जोड झाडीत लपेल. वरचा भाग टोपीसारखा सुटा निघेल, खालचा राहील वीसेक इंच. आतून टिचबटणं लावतो.

सून : डोंगराला टिचबटणं?

सासरे : कोटाला चालतात, डोंगराला का नाही? सहा पुरतील. आठ लावतो, टेम्पोत हादरे बसतात. तू खडू दे, निळा दे, पांढरा बर्फावर दिसणार नाही.

सून : म्हणजे येताय?

सासरे : मी बटणांबद्दल बोलतोय.

सून : मी खोलीबद्दल बोलतेय.

सासरे : तो बिचारा वकील कधीचा जिन्यात उभा आहे. वाच की.

सून : उभा राहू दे. आधी हो म्हणा.

सासरे : असं धाक दाखवून म्हाताऱ्या माणसाकडून वदवून घेतात का?

सून : घेतात. आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

सासरे : आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?

सून : तुमच्याकडेच. तुमच्याकडूनच शिकले.

सासरे : हं. त्या मागच्या खोलीला खिडकी आहे का गं?

सून : आहे. मोठी आहे.

सासरे : मग उजेड कुठल्या अंगानं येतो ते विचारून ठेव. सुईत दोरा ओवायला मला तो डावीकडून लागतो.