वारा लागू द्यायची बाटली

ठण्ण... असा वाजायचा बघ चाकाचा आवाज. दौंडला गाडी थांबली की हातोडी घेऊन आम्ही चाकं वाजवत जायचो — खणखणीत वाजलं तर चाक धड, बद्द वाजलं तर आत तडा. रेल्वेतनं रिटायर होऊन किती वर्षं झाली, कान अजून तसेच हायत. आत्ता ज्वारीच्या डब्यात तुझा हात काचेला लागला, ते मला हितं ओसरीवर ऐकू आलं. ठेव ती खाली, नागसेन. तुझ्यासाठी न्हाई ठेवली — म्हंजी तुला सापडू नये म्हणूनच तिथं ठेवली, पण तसं न्हाई रे — बस जरा.

इटलीची लाल वाईन हाय ती. उद्या राजश्री नवऱ्याला घेऊन येणार, संगं त्याचे आई-बाप, लग्नानंतर पहिल्यांदाच. ती इटलीची माणसं जेवताना वाईन घेतात, आपण ताक घेतो तशी. तुझी बहीण म्हणली, आप्पा, आपल्या घरात नको. मीच म्हणलं, एवढ्या लांबून येणार, त्यांच्या रीतीचं काय तरी नको व्हय? दौंडात कोण बघंल म्हणून एष्टीनं शिरूरला गेलो. दर रविवारी विहारात पंचशील मी म्हणतो, लोक माझ्यामागं म्हणतात, पाचवं शील दारूचंच — आन् मीच दुकानात उभा. दुकानदार म्हणला, "मामा, देशी पलीकडच्या खिडकीत." इटलीची म्हणल्यावर बघतच राहिला. एक दावली, गळ्यावर काळा कोंबडा, कियांती म्हणं, लई महाग. म्हणलं, कोंबडा नसलेली दाव. मग ही निघाली, मोंतेपुलचानो — एष्टीत पाठ करत आलो, मोंतेपुलचानो, मोंतेपुलचानो, शेजारची बाई उठून दुसरीकडं बसली. मटणासंगं चांगली, स्वस्तात बरी म्हणला. फकस्त आधी घटकाभर उघडून ठेवायची, वारा लागू द्यायचा, तवा चव येती.

तिथंच माझं मन अडकलं बघ. घटकाभर उघडी. ह्या घरात. तू दारू सोडवायच्या सेंटरवरनं आलास त्याला अजून वर्ष न्हाई. म्हणून म्हणत व्हतो — उद्याचा दिवस वडगावला मामाकडं जाऊन येतोस का? त्यालाबी बरं वाटंल. राजश्रीला मी सांगितलंय, नागसेन कामावर असंल म्हणून... व्हय, सांगितलं. तुला इचारायच्या आधीच.

तसं बघू नको. इश्वास न्हाई असं न्हाई. तुझी आई म्हणती, पोरगं सुधारलं, आता त्याचा पेला हुंगायचं बंद करा — म्हंजी, रोज न्हाई हुंगत. आधी हुंगायचो. आता कडी वाजली की पावलं ऐकतो एवढंच, सरळ पडतात का. तू झोपलास की मग झोपतो. बहीण येणार म्हणून तू नवा शर्ट घेतलास, तो इस्त्री करून ठेवलास, समदं बघितलं मी. बरं वाटलं रे. पण तूच म्हणला व्हतास ना, आप्पा, एक घोट लागतो फकस्त? तुला परत त्या सेंटरच्या दारात सोडून यायचं मला जमणार न्हाई आता. तुझ्यापेक्षा माझंच भ्या वाटतं मला.

बोल की. जातो म्हण, न्हाई तर राहतो म्हण. राहतो म्हणलास तर आत्ता मोरीत ओततो, आण हिकडं. पाहुण्यांना ताक देऊ, काय बिघडत न्हाई. त्यांना मी हात जोडून सांगंन.

आरं... बाटली अशी माझ्या मांडीवर काय ठेवतोस? नागसेन? ओततो म्हणलं ना मी — आरं, दाराकडं कुठं निघालास, पायात तरी काय घाल...