पाहुणा कोण, तेवढं सांगा

...नाही, मला एक सांगा, सुट्टीला जाताना माणसाने बरोबर पुस्तक घेतलं तर बिघडतं काय? एक हो, एक. दोन नाही म्हणालो मी. बॅगेत इस्त्री चालते, वायरचं भेंडोळं चालतं, पाऊस आला तर छत्री चालते आणि ती उलटी झाली तर दुसरी छत्री चालते, पण पुस्तक म्हटलं की आमच्या घरात लगेच, "जागा कुठंय?" एक पुस्तक. फार मागितलं का मी?

तुम्हाला सांगतो, मी चष्मेवाला. दिवसभर लोकांना वाचायला लावणं हा माझा धंदा. "हं, हे वाचा... आता खालची ओळ... आता डावा डोळा झाका." लोक वाचतात, आणि मी? मी ऐकतो! भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे, वर एक भलंमोठं अक्षर, मग खाली खाली बारीक होत गेलेली, आणि दुकान उघडल्यापासून माझं वाचन म्हणाल तर तेवढंच. त्यात ना नायक ना नायिका. एकदा एक गिऱ्हाईक मोठ्या आदराने म्हणालं, "तुम्ही बरंच वाचत असाल, नाही?" काय सांगणार त्याला? म्हटलं, हो, एकच गोष्ट पण पुन्हा पुन्हा.

आणि घरी कपाटावर ती कादंबरी. दुकान उघडलं त्याच वर्षी हौसेने घेतलेली, उशीएवढी जाड, आता शोधूनही मिळायची नाही. दरवर्षी म्हणायचो, सुट्टीत वाचू. सुट्टी यायची, बायको बॅग भरायची, कादंबरी कपाटावर. या वर्षी मात्र ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, मरायच्या आधी एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. वय झालं हो आता, डोळे काय जन्मभर पुरतात? माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक? तर हिने कादंबरी उचलली, हातात तोलली आणि म्हणाली, "अहो, एक तर ही येईल नाहीतर मी."

मी उत्तर द्यायला जरा वेळ लावला. तेवढ्यावरून दोन दिवस अबोला.

मग गेलो बाइंडरकडे. दुकानामागच्या गल्लीत बसतो, हात खळीने चिकट आणि बोलणं त्याहून चिकट. "साहेब, कशाला टेन्शन घेता? तीन तुकडे करून देतो. एक न्या, दोन घरी ठेवा. बॅग हलकी, वहिनी खूश." मी थांब म्हणेपर्यंत चालवली त्याने कातरी... कसली कातरी, चांगलं लोखंडी यंत्र होतं, खाडकन आवाज झाला आणि मी डोळे मिटून घेतले. तिन्ही तुकड्यांना एकसारखा तपकिरी पुठ्ठा. म्हटलं, "अरे बाबा, वर एक-दोन-तीन असं काहीतरी टाक." तर म्हणतो, "कशाला साहेब? उघडलं की कळतंय की!"

कळलं ना. चांगलंच कळलं. समुद्रासमोर खोली, खोलीला गॅलरी, गॅलरीत वेताची खुर्ची, हाताशी चहा, चष्मा पुसला, फुंकर मारून परत पुसला, पाय कठड्यावर ठेवले आणि उघडलं. पहिलंच वाक्य, "आणि यापुढे पाहुण्याचं नाव या घरात कुणी काढायचं नाही, असं थोरल्या वहिनीने निक्षून सांगितलं." पाहुणा? कोण पाहुणा? वर पानाचा नंबर पाहिला... अहो, तिसरा तुकडा! रडू आलं मला, खरं सांगतो. चष्मा काढून परत पुसायची वेळ आली.

"अगं, मी पहिला भाग काढून ठेवला होता ना बॅगेवर?"

"बॅगेवर होता म्हणूनच काढला. झाकण लागेना. मग टेबलावरच्या दोनातला खालचा सपाट बसत होता तो टाकला. सगळे सारखेच तर आहेत."

"सारखे कसे असतील? पुस्तक आहे ते! पहिला कुठंय? दुसरा कुठंय?"

"असतील कुठेतरी. वाचल्याशी कारण, कुठूनही वाचा." आणि पर्स उचलून गेली खाली बागेत. दिवसभर बागेत. मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून.

दोन दिवस हात लावला नाही. पण समुद्राकडे तरी माणूस किती बघणार? तिसऱ्या दिवशी घेतलं वाचायला. काय अवस्था झाली असेल विचार करा. घरातली विहीर बुजवलेली. का बुजवली? ते मागच्या पानांना माहीत. नोकर कोपऱ्यात बसून रडतोय. का रडतोय? मागे लिहिलंय. पाहुणा म्हटलं की सगळे गप्प, आणि मी एकटा इकडे पानं उलटतोय, अरे कुणीतरी बोला रे! शेवटच्या पानावर पाहुणा येतो, किल्ली उचलतो, निघून जातो, आणि थोरली वहिनी त्या रात्री दार उघडंच ठेवते. समाप्त. माझ्या डोळ्यांत पाणी. कशासाठी पाणी, ते मला माहीत नाही! एक पुस्तक, सलग, सरळ. फार मागितलं का मी?

बरं, आलो घरी. गॅलरीत जातो तर शेजारी उभे. आम्ही त्यांना हवामान म्हणतो, कारण भेटलं की आधी आभाळाकडे बघतात. झाडांना पाणी घालायला किल्ली दिली होती त्यांना. आज आभाळाकडे बघितलंच नाही त्यांनी. म्हणाले, "ते तपकिरी पुस्तक टेबलावर होतं, सहज उघडलं आणि बसलो की वाचत! झाडं जरा सुकली त्यात. पुढचा भाग द्या ना."

मी कठड्यावरून निम्मा बाहेर आलो. "तुमच्याकडे पहिला आहे? मग सांगा, पाहुणा कोण?"

"पाहुणा?" हवामान गोंधळले. "माझ्यात अजून कुणी आलेलं नाही बुवा. माझ्यात विहीर खणतायत. पाणी लागतच नाहीये."

आणि मागून, स्वयंपाकघराच्या दारातून, हात पुसत, आमची ही म्हणते, "लागतं. पुष्कळ लागतं."

मी वळून बघतच राहिलो. जन्मात हातात पुस्तक न धरलेली बाई! पर्समध्ये पाण्याची बाटली आडवी होऊ नये म्हणून टेकू लावला होता, तो दुसरा भाग. गाडीत मी घोरत होतो तेव्हा उघडला. मग बागेत बसून वाचला. "तुम्हाला सांगितलं असतं तर हिसकावून घेतला असतात."

"बरं, राहिलं. आण तो. आत्ता आण."

"तो येताना गाडीत समोरच्या आजींना दिला. माझा वाचून झाला होता. आणि तुम्ही तर शेवटाला पोचलेले, तुम्हाला मधला कशाला?"

म्हणजे बघा, ती कोण कुठली म्हातारी, तिच्याजवळ मधला तुकडा, ना आगा ना पिछा, ती बिचारी कुठेतरी बसून माझ्यासारखीच डोकं धरून असणार. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ठीक आहे, मग तोंडी सांग. पाहुणा आहे तरी कोण? आणि शेवटी तो किल्ली घेऊन कायमचा निघून जातो, तेव्हा वहिनी दार उघडं का ठेवते?"

हिने टॉवेल खुंटीला लावला. "निघून जातो? कायमचा?" म्हणाली. "तुमचा भाग आज दुपारी घेणार होते मी वाचायला." मग म्हणाली, "शेवट सांगितलात ना? आता मधलं विचारू नका." आणि तिकडून गॅलरीतून हवामान, "अरेरे, जातो का तो? आलासुद्धा नाही अजून!"

तेव्हापासून ही गप्प. खूप विनवलं. म्हटलं, नाव नको सांगू, नातं सांग. नुसतं हो-नाही सांग. नाही म्हणजे नाही. हवामान सकाळ-संध्याकाळ गॅलरीतून विचारतात, "लागलं का हो पाणी?"

मी दुकानात जाऊन बसतो. म्हटलं, जाऊ दे, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला निदान तो तक्ता तरी आहे आपल्याकडे. काल एका गिऱ्हाइकाने अडखळत अडखळत अगदी शेवटची ओळ वाचली आणि विचारलं, "बरोबर?" इतक्या वर्षांत मी तिकडे वळून बघितलं नव्हतं, काल सहज बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत बघितलं. मग म्हटलं, "बरोबर." पाठ आहे ना मला. दिसली नाही, तो भाग वेगळा.